लिस्बनहून दिसणारा मालवणचा किल्ला

आमच्या घरात लिस्बन हे शहर मी शाळेत जायच्या आधीपासून होतं. नकाशात ते मला फार नंतर सापडलं. माझे वडील, त्यांना आम्ही पाय म्हणायचो, बोटीवर आचारी होते. वर्षातले नऊदहा महिने दर्यावर, उरलेले मालवणात. घरी असले की जेवण झाल्यावर खुर्ची अंगणात ओढून ते बंदरांच्या गजाली सांगत, आणि सगळ्या बंदरांत लिस्बन त्यांचं लाडकं. तिथं म्हणे ट्राम घरांच्या इतक्या जवळून जाते की बसल्या जागेवरून कुणाच्याही जनेलातली, म्हणजे खिडकीतली, मिरची खुडता येते. तिथं रस्त्यातच एक लोखंडी लिफ्ट उभी आहे, खालच्या बाजारात आत शिरायचं आणि वरच्या बाजारात बाहेर पडायचं. एका चौकात दगडांच्या लाटा आहेत, त्यांच्यावरून चालताना खलाशालासुद्धा बोट लागते. बायका दारात विस्तव करून मासे भाजतात आणि पावावर ठेवून खातात. आणि टेकडीवर एक किल्ला आहे. हवा स्वच्छ असली की त्याच्या तटावरून आपला किल्ला दिसतो.

आपला म्हणजे मालवणचा. ते दर्यावर असले की घरातलं लिस्बन बंद असे. मग रविवारी संध्याकाळी माय आम्हा भावंडांना दांडीच्या किनाऱ्यावर फिरायला नेई आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांना हात करी.

नऊ वर्षांची असताना मी शाळेतला जगाचा नकाशा मागून आणला आणि पायांच्या पुढ्यात पसरला. दोन्ही किल्ल्यांच्या मध्ये केवढा मुलूख आहे ते बोटाने दाखवलं. त्यांनी नकाशा मन लावून पाहिला आणि म्हणाले, "नकाशात दिसणा नाय बाये. वयर चढान बघूक व्हया."

पुढे मी भूगोल शिकवू लागले. मराठी आणि भूगोल. गेल्या वर्षी ईस्टरला आमची मुलगी रोजलीन पुण्याहून मैत्रिणींना घेऊन आली. जेवताना पाय रंगात आले, ट्राम झाली, लिफ्ट झाली, किल्ल्यावर पोचले. मी भात वाढता वाढता म्हटलं, "पाय, पुरे आता थापा. पृथ्वी गोल असते. इतक्या लांबचं दिसत नसतं." मुली हसल्या. पायही हसले. "खरां. तू शिकलेली," म्हणाले आणि त्यांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी लिस्बनचं नाव काढलं नाही. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात, ते गेले.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. आमचा पहिला परदेश प्रवास फार मजेत झाला. इतका मजेत की लिहायला मी महिनाभर लावला, कारण संपवायचा नव्हता. पण मी तिथं गेले ते एवढंच पाहायला: पाय खोटं बोलत होते की मी उगाच बोलले.

इन्सुलीच्या पुढे

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिकिटं रोजलीनने काढली. "आई, शहर तू सांग," म्हणाली. मी सांगितलं.

अडचण एकच होती. आमच्या घरात वडील गेले की मुलीने वर्षाच्या मिसापर्यंत, म्हणजे चर्चमधल्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेपर्यंत, काळं नेसायचं. लग्नाला जायचं नाही, नाचगाण्यात बसायचं नाही. माझा अकरावा महिना चालू होता. मायला विचारलं. ती फणस फोडत होती, हाताला तेल होतं. "काळा कापडार आसता, तोंडार नाय," ती म्हणाली. "जावा आणि हासान येवा." तेव्हा पेटीत चार काळे पोशाख भरले आणि मोकळ्या जागेत मायने दिलेली कोकमाची सोलं आणि मसाला. आंबे नेता येत नाहीत. देवगडच्या पेटीकडे पाहून इनासने जो सुस्कारा टाकला तो शेजारी ऐकू गेला.

इनास माझा नवरा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मी वर्षभरात जेवढं बोलते तेवढं तो मालवणपासून इन्सुलीच्या नाक्यापर्यंत बोलतो. गोव्याहून येणाऱ्या गाड्या हद्दीवरच्या त्या नाक्यावर दारूच्या तपासणीसाठी थांबवतात. जाणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही, आणि हे त्याला सहन होईना. त्याने काच खाली केली आणि तिथल्या पोलिसाला ओरडून सांगितलं, "लिस्बनाक जातंव!"

पोलीस गाडीजवळ आला. "गोव्यात खंय इला ता?"

"वायच पुढे," इनास म्हणाला.

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई, मग आखातातलं एक चकचकीत विमानतळ, मग पुन्हा विमान. त्यातलं सांगण्यासारखं काही नाही. इनासने फोनवर पोर्तुगीज शब्द पाठ केले, मी खिडकीतून खाली नद्या ओळखत बसले.

आल्फामा

आमची खोली आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीत होती. ही वस्ती टेकडीच्या अंगावर चिकटलेली आहे, आणि तिच्यात रस्ते थोडे, पायऱ्याच फार. पेट्या घेऊन आम्ही ज्या पायऱ्या चढलो त्या मी मोजल्या नाहीत, इनास मोजत होता, मध्येच त्याचा श्वास आणि आकडा दोन्ही चुकले. दोन्ही बाजूंच्या घरांतून दोऱ्या बाहेर काढून कपडे वाळत घातलेले. "बघ गो," इनास म्हणाला, "हयसर लोक बनियन पण किती मानान सुकत घालतत."

घरमालकीण खाली राहायची. दोना आल्दा. सत्तरीच्या पुढची, बुटकी, आणि मानेपासून पायापर्यंत काळ्या कपड्यात. तिने दार उघडलं, माझे कपडे पाहिले आणि काही न विचारता माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग माझ्या काळ्या बाहीला बोट लावून तिने हळूच विचारलं, "मारिदु?"

विमानात शिकलेल्या शब्दांत हा एक होता. मारिदु म्हणजे नवरा. इनासने छाती ठोकली. "सीं, सीं! मारिदु!"

दोना आल्दाने माझा हात सोडला. तिने इनासला खालून वर पाहिलं, चावी मेजावर ठेवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला निघालो तर गल्लीतल्या प्रत्येक जनेलात एक म्हातारी. सगळ्या इनासकडे बघतायत. तो त्यांना सकाळचं "बों दिया" म्हणाला तर एकीने जनेलच लावून घेतलं. कोपऱ्यावर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला. "इनास, मी काळं घातलंय. तिनं विचारलं, नवरा गेला का. आणि तू छाती ठोकून म्हणालास, मी नवरा."

तो थांबला. "म्हणजे मी दुसरो?"

"दुसरा. पहिल्याचं काळं उतरायच्या आत."

मला वाटलं, त्याला वाईट वाटेल. तो पाव घेऊन परत येताना केस विंचरून आला.

ट्राम, लाटा, लिफ्ट

पिवळी ट्राम लाकडी आहे आणि आतून कपाटासारखी वाजते. आम्हाला खिडकीची जागा मिळाली. चढणीवर ती दमते, वळणावर कण्हते आणि उतारावर तिचा चालक दोन्ही हातांनी कसलीशी कळ ओढून तिला आवरतो. इनास चालकाकडे पाहत होता, मी भिंतींकडे. एका वळणावर गल्ली अरुंद झाली. आणखी अरुंद झाली. एक जाडसर गृहस्थ दारात कॉफी पीत उभे होते. ट्राम आली तशी त्यांनी कप उंच धरला, पोट आत घेतलं, आम्ही त्यांच्या बटणांसमोरून गेलो, आणि मागे त्यांनी पोट सोडलं. पुढच्याच घराच्या जनेलात लाल फुलांची कुंडी होती. माझा हात आपोआप बाहेर गेला. पाकळी बोटांना लागली.

"मिरची गावली?" इनासने विचारलं.

मी हसायला लागले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा, आणि मग मला ते थांबवता येईना. समोर बसलेल्या बाई काळ्या कपड्यातल्या हसणाऱ्या बाईकडे पाहू लागल्या, त्यांच्याकडे पाहून मला आणखी हसू आलं. इनासही हसायला लागला, का ते त्याला माहीत नव्हतं. आमचा थांबा गेला. पुढचाही गेला. शेवटच्या थांब्यावर चालकाने येऊन हाताने सांगितलं, उतरा.

लाटांचा चौक खाली सपाटीवर आहे. काळ्यापांढऱ्या लहान दगडांची फरसबंदी, आणि तिच्यात एकामागून एक लाटा अशा बसवल्यात की जमीन सपाट आहे हे डोळ्यांना पटत नाही. मी चार पावलं टाकली आणि पाचवं टाकताना खड्डा असल्यासारखा पाय उचलला. इनास तर मुद्दाम खलाशासारखा झुलत चालला आणि एका माणसाच्या छत्रीवर आदळला. भोवतीच्या झाडांना जांभळा मोहर आला होता, तो त्या लाटांवर पडून वाहत असल्यासारखा दिसत होता. हे पायांनी सांगितलं नव्हतं. ते बहुधा मे महिन्यात तिथं गेले नसावेत.

लिफ्टही आहे. दोन रस्त्यांच्या कोनात लोखंडाचा नक्षीदार मनोरा, आत पितळी कड्यांचा लाकडी पाळणा. खाली दुकानांच्या गर्दीत शिरलो, वर एका पुलावरून चालत दुसऱ्या बाजारात निघालो. रांग लांब होती, पण इनासला ती आखूड पडली. त्याला सगळी चाकं बघायची होती. "फिलू, तुजो बापूस आचारी होतो," तो म्हणाला, "पण मशीन बरोबर सांगी."

मी मनात गुण देत होते. ट्राम बरोबर. लाटा बरोबर. लिफ्ट बरोबर. नदीचा पलीकडचा काठ दिसत नाही असंही पाय सांगायचे. तो चांगला दिसतो, त्यावर घरंसुद्धा दिसतात. तिथं अर्धा गुण कापला.

"गेलेल्या माणसाक गुण देतंस?" इनास म्हणाला.

"उत्तरपत्रिका उशिरा तपासतेय," मी म्हटलं.

मासळी

तिसऱ्या दिवशी आम्ही मासळीबाजारात गेलो. मालवणच्या माणसाला परक्या गावात नेऊन सोडलं तर तो कुठे जाईल, तर तिथंच. बर्फाच्या उतारावर मासे मांडून ठेवलेले, एकाच दिशेने तोंडं केलेले, शाळेच्या प्रार्थनेसारखे. ओळखीचे निघाले. बांगडे होते. पेडवे होते, तारलीसारखे बारीक, तेच आमच्याकडचे, पाहुण्यांपुढे ठेवायला आपण लाजतो ते. इथं त्यांना मधली मानाची जागा होती.

मला मायने शिकवलंय की कल्ला उघडून आतला रंग पाहिल्याशिवाय मासा घ्यायचा नाही. मी सरळ एक बांगडा उचलला, कल्ला वर केला, पोट दाबलं, वास घेतला. उत्तम होता. खाली ठेवून दुसरा उचलला, आणि पलीकडून रबरी बुटांतली मासेवाली अशी ओरडली की आख्खी रांग वळली. इथं हात लावायचा नसतो. ती बोलत राहिली, मी बांगडा हातात धरून उभी. शब्द एक कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. आमच्या बाजारातली कुठलीही मासेवाली हेच आणि याच सुरात बोलली असती.

भाव इनासने केला. बोटांनी अर्धी किंमत दाखवली. तिने मान हलवली. मग त्याने आपला हुकमी डाव टाकला. "चल," म्हणाला, पाठ फिरवली आणि आम्ही निघालो. मालवणात पाच पावलांवर हाक येते. आम्ही पाच पावलं गेलो. सहा. "सावकाश चल," तो कुजबुजला. दहा. "माका वाटता तिका ऐकूक कमी येता." आम्ही खांबाला वळसा घातला आणि आडून पाहिलं. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला मासे तोलून देत होती. आमची तिला आठवणही नव्हती.

परत गेलो, खाली मान घालून. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि ती जी हसली ती शेजारच्या तीन मासेवाल्यांना गोष्ट सांगूनच थांबली. मग तिनेच एक बांगडा उचलला, कल्ला उघडून माझ्या डोळ्यांसमोर धरला. लालभडक. मी मान डोलावली. दुसरा उघडला. तसे सहाही बांगडे मला दाखवून तिने पिशवीत टाकले, आणि किंमत पहिलीच घेतली.

खोलीत चूल नव्हती. पिशवी पाहून दोना आल्दाने भुवया उंचावल्या, आपल्या स्वयंपाकघराकडे बोट केलं, पण इनासला दाराबाहेर उभं केलं. मी सोलं भिजत घातली, मसाला काढला. नारळ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला होता. तो बारीक व्हायला दोना आल्दाचं कॉफी दळायचं यंत्र कामी आलं, त्याबद्दल मी अजून मनात माफी मागते. आमटी उकळत असताना मी फोनमधला पायांचा जुना फोटो उघडला. बोटीवरच्या पांढऱ्या टोपीतला. माझ्या काळ्या बाहीला हात लावला, मग फोटोला, आणि म्हटलं, "पाय."

त्या भाषेतही वडिलांना तेच म्हणतात हे मला माहीत होतं. तरी तो शब्द तिच्या तोंडून परत ऐकला तेव्हा माझ्या हातातली पळी थांबली. "पाय?" ती म्हणाली. मग फोटोकडे, मग दाराबाहेरच्या इनासकडे, मग परत फोटोकडे. तिने कपाळावर हात मारला. जनेल उघडलं आणि गल्लीत दोन वाक्यं ओरडली. त्यातलं पाय मला कळलं, मारिदु कळलं. समोरच्या जनेलातून कुणीतरी ओरडून खात्री केली. वरच्या मजल्यावरून हसणं आलं. पाच मिनिटांत गल्लीतल्या म्हाताऱ्या एकेक करून खाली आल्या आणि प्रत्येकीने इनासचा गाल थोपटला.

"संपला," इनास मला म्हणाला. "आता परत मी पयलोच."

संध्याकाळी दोना आल्दाने दारात लोखंडी शेगडी मांडली, स्वतः आणलेल्या पेडव्यांना जाड मीठ लावून निखाऱ्यांवर टाकले आणि पावावर ठेवून आमच्या हातात दिले. चरबी पावात उतरते. शेवटी पावच माशाहून गोड लागतो. तिने आमची आमटी खाल्ली, नाक पुसलं, पाणी प्यायली आणि ताट पुन्हा पुढे केलं. दारातला विस्तव, पावावरचा मासा. मी त्याही उत्तराला गुण दिले.

आयतवार

राहिला किल्ला.

तो आमच्या डोक्यावरच होता. खोलीच्या खिडकीतून त्याची तटबंदी दिसायची. गुरुवारी मी म्हटलं, पाय दुखतात. शुक्रवारी म्हटलं, धुकं आहे. शनिवारी तिकिटाची रांग पाहून म्हटलं, एवढी कोण उभी राहणार. लिफ्टच्या रांगेत मी याच्या दुप्पट उभी राहिले होते.

"फिलू," इनास म्हणाला, "पेपर तू तपासतंस आणि घाबरतंस पण तूच?"

तो बरोबर बोलत होता. बाकी सगळं खरं निघालं होतं. म्हणजे ईस्टरला मी ज्यांना थापा म्हटलं त्या थापा नव्हत्या. एकच होती, आणि ती थाप आहे हे तर नऊ वर्षांच्या मुलीलाही कळलं होतं. वर चढून नवीन काय कळणार होतं? फक्त मी बरोबर होते एवढंच. ते मला नको होतं.

रविवार, म्हणजे आयतवार, आमचा शेवटचा दिवस. सकाळी गल्लीतल्या चर्चमध्ये मिसाला गेलो. भाषा कळत नव्हती, पण कधी उठायचं आणि कधी गुडघे टेकायचे ते सगळं आमच्यासारखंच. बाहेर पडलो तर आभाळ इतकं निळं की सबब सांगायला ढगाचा तुकडा नव्हता. आज्जीच्या सोबतीला मालवणात आलेल्या रोजलीनचा निरोप आला: आज्जी म्हणतेय, किल्ल्यावर गेलात की एक वाजता फोन करा. एकच्या ठोक्यालाच करा.

चढलो. वर तोफा आहेत, पाइनची झाडं आहेत आणि मोर आहेत. खरेखुरे मोर, लोकांच्या टेबलांमधून फिरणारे. इनासने एकाची वाट अडवली. "तू खंयचो रे? कणकवलेचो?" मोर त्याच्या बुटाकडे बघून निघून गेला.

तटावर गर्दी होती. खाली लाल कौलांचं शहर, पुढे नदी, लाल पूल, नदी समुद्राला मिळते तिथला चकाकता पट्टा. सुंदर होतं. मी कठड्यावर हात ठेवून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. जे नसणार ते नव्हतं.

एक वाजता फोन लावला. पडद्यावर आधी वाळू दिसली, मग रोजलीनचा अंगठा, मग माय. दांडीवर होती. तिच्यामागे ऊन उतरलेला दर्या आणि त्यात आपला किल्ला.

"पोचलंस गो वयर?"

"पोचलंय माय."

"किती वाजले थंय?"

"एक."

"हय साडेपाच," ती समाधानाने म्हणाली. "किल्लो दिसता?"

मी इनासकडे पाहिलं. तो मोराकडे पाहत होता. "माय," मी म्हटलं, "आता तुका काय सांगू..."

"तुका कसो दिसतलो? ता तुज्यासाठी नव्हताच."

"म्हणजे?"

"तुजो बापूस पयली खेप करून इलो आणि दुसरेक जाताना माका सांगान गेलो. बोट थंय लागली आणि आयतवार गावलो, तर दुपारची जेवणा वाढून मी त्या किल्ल्यार चढतलंय. एक वाजता हात हालयतलंय. तेवा हय साडेपाच होतत. तू दांडयेर रव आणि हात हालय."

"आणि तू?"

"मी हालयलंय."

"पण बोट खंयच्या आयतवारी लागतली ता तुका कसा कळात?"

"कळता खंय! कागद येय म्हयन्यान. म्हणान मी सगळेच आयतवार गेलंय." ती हसली. "लोक म्हणत, आचाऱ्याची बायल खुळावली. तुमी पोरा इचारास, माय कोणाक हात करतंस? मगे तेनी तुमका सांगल्यान, थयसून आपलो किल्लो दिसता. दुसरा काय सांगतलो?"

मी कठड्याला धरून उभी होते. ट्राम, लाटा, लिफ्ट हे सगळं आम्हा मुलांसाठी होतं. किल्ला नव्हता. किल्ला त्या दोघांचा होता, आणि आम्हाला त्यातली जेवढी दाखवण्यासारखी होती तेवढी बाजू दाखवली होती. शिवाय ते साडेचार तास. पृथ्वी गोल असते हे ज्यांना मी भात वाढता वाढता शिकवलं, त्या चौथी पास माणसाने रेखावृत्तांचं गणित माझ्या जन्माआधी करून मायजवळ ठेवून दिलं होतं.

"माय, ईस्टराक तू माका कित्या नाय सांगलंस? मी तेंका खोटे म्हटलंय. ते मगे बोललेच नाय."

"तो हासलो ता बघलंस?"

"बघलंय."

"माज्याकडे बघून हासलो. मगे माका म्हणता, चेडू हुशार झालासा, अजून बोललंय तर पकडतला. म्हणान गप रवलो." मायने वाऱ्याने उडालेला पदर खोचला. "लाज वाटली तेका. म्हातारपणाक लाज वाटता मरे माणसाक."

मी रडले असं कुणाला वाटेल. मी ट्राममध्ये हसले तशीच हसले, तेवढ्याच जोराने, आणि इनासने माझ्या हातातून फोन काढून घेतला, कारण तो कठड्यावरून खाली गेला असता.

"आज आयतवार," पलीकडून माय म्हणाली. "मी हात हालयतंय." तिने फोनकडे पाठ केली आणि दर्याकडे तोंड करून उजवा हात वर केला. फोनकडे नाही, आमच्याकडे.

मीही हात वर केला. आणि तेवढ्यात माझ्यातली भूगोलाची बाई जागी झाली. "इनास, थांब. ही पश्चिम आहे. भारत पूर्वेला."

"मगे फिर की!"

आम्ही नदीकडे पाठ केली. सगळे लोक नदीकडे बघत होते, आम्ही दोघं उलट्या दिशेला तोंड करून उभे राहिलो. समोर पाइनची दोन झाडं, एक मोर, आणि उपाहारगृहाची मागची भिंत. तिथं एक तरुण बाई टेबल पुसत होती. आम्ही हात हलवला, मनगटातून नाही, खांद्यापासून, होडीला करतात तसा. त्या बाईने फडकं ठेवलं, मागे वळून कुणी आहे का ते पाहिलं, आणि मग तिनेही आम्हाला हात केला.

जाणाऱ्यांसाठी

वर्षाचं मिस झालं. काळं उतरवलं. दोना आल्दाने इनासच्या फोनवर शेगडीचा फोटो पाठवलाय.

कुणी जाणार असाल तर बूट जाड तळव्याचे घ्या. मासळीला हात लावू नका, मासेवालीला डोळ्यांनी विचारा, ती कल्ला दाखवते. ट्राममध्ये खिडकीत बसा. किल्ल्यावर मात्र रविवारीच जा, आणि एक वाजता तटावर असा. थंडीत गेलात तर त्यांचं घड्याळ तासभर मागे गेलेलं असतं, तेव्हा बारालाच पोचा. नदीकडे पाठ करा, पूर्वेला तोंड. हात खांद्यापासून हलवा. नकाशात दिसणार नाही, पण दांडीवर साडेपाचला आमची माय उभी असते. कोण आहे ते ती विचारत नाही. ती हात हलवते.